पुढच्या ॲक्सलमधून आवाज येतोय? हब उघडण्याआधी एवढं करून बघा

जुन्या फोर बाय फोरच्या पुढून आवाज यायला लागला की शेजारी बसलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: "बेअरिंग गेलं." मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. माझ्या पहिल्या गाडीची पुढची दोन्ही हब (चाक ज्यावर बसतं आणि ज्यात बेअरिंग असतं तो मधला भाग) उघडली, चारही बेअरिंगं नवी घातली, कोपरापर्यंत ग्रीसने माखून घेतलं आणि गाडी फिरवून आणली, तर आवाज जसाच्या तसा. आठवड्याभराने दुसऱ्याच कारणासाठी पुढचे टायर मागे टाकले आणि आवाज त्यांच्याबरोबर मागे गेला. टायरच होते ते.

त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांवर हाच आवाज इतक्यांदा शोधला आहे की आता एक क्रमच बसून गेलाय. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. आवाज कसा आहे यावर फार वेळ घालवू नका, तो कधी बदलतो ते बघा. पुढचा ॲक्सल म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेलेली पोलादी नळी. डाव्या टोकाचा आवाज तिच्यातून उजव्या टोकाला सहज पोचतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, बरोब्बर पायाखालून येतोय. कान फसतात. पण कुठला भाग फिरायचा थांबला की आवाज थांबतो, हे एकदा कळलं की फसायला जागा कमी उरते.

हे सगळं पुढे सरळ ॲक्सल असलेल्या, पार्ट-टाइम ट्रान्स्फर केसच्या (म्हणजे इंजिनचा जोर लागेल तेव्हाच पुढच्या ॲक्सललाही देणारी पेटी) आणि चाकांवर हाताने फिरवायचे हब लॉक (चाक ॲक्सल शाफ्टला जोडणारी-सोडणारी चकती) असलेल्या गाड्यांबद्दल आहे. गाडी फुल-टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना कायम जोर जाणारी) असेल तर काय करायचं ते ओघात येईल.

आधी लक्षणं

वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी क्लच दाबला, गाडी न्यूट्रल केली तरी तशीच राहते: टायर किंवा चाकाचं बेअरिंग.

तीच घरघर, पण एका बाजूला वळताना वाढते आणि दुसऱ्या बाजूला वळताना दबते: बेअरिंगची शक्यता जास्त.

स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर बाय फोरमध्ये गाडी काढताना कट-कट-कट: चाकाजवळचा सीव्ही जॉइंट (कोनातही एकसारखा वेग देणारा सांधा) किंवा ॲक्सल शाफ्टचा (ॲक्सलच्या नळीतून चाकापर्यंत गेलेल्या दांड्याचा) क्रॉस (चार टोप्यांचा, कोनात फिरणारा साधा सांधा).

चालण्याच्या वेगात लयीत चीं-चीं, वेग वाढला की बाकी आवाजात बुडून जाणारी: कोरडा पडलेला क्रॉस, बहुधा प्रोपेलर शाफ्टचा (ट्रान्स्फर केसपासून ॲक्सलपर्यंतच्या लांब दांड्याचा).

गाडी सुटताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना एकच "टण्ण": स्लिप जॉइंट (प्रोपेलर शाफ्टचा लांब-आखूड होणारा जोड), क्रॉस, ढिले यू-बोल्ट (ॲक्सल पाट्याला बांधणारे) किंवा क्राउन-पिनियनमधला (डिफरन्शियलमधल्या मुख्य दातेरी चक्रांच्या जोडीतला) जास्तीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा.

खड्ड्यात खडखड, ब्रेक मारताना "टक्": पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश, शॉक ॲब्सॉर्बर, टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती पिन).

ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, शिट्टीसारखा: डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चक्रांची पेटी).

हबमधून कर्रर्र, खेळण्यातली किल्ली फिरवल्यासारखं: अर्धवट बसलेला हब लॉक. काही गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर चालतं. तिथे पाइपला चीर गेली की हाच आवाज येतो.

पातळ पत्रा घासल्याचा आवाज, ब्रेकवर नुसता पाय ठेवला की बदलणारा: ब्रेकच्या मागचं पत्र्याचं कवच डिस्कला लागतंय, किंवा मध्ये खडा अडकलाय.

आणि एक "लक्षण", जे बिघाडच नव्हे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये (चारही चाकांना जोर) गाडी पूर्ण वळवली की ती अडखळते, टायर उड्या मारतात, खालून कण्हल्यासारखा आवाज येतो. पार्ट-टाइम ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात, आणि हा फरक जिरवायला मधे डिफरन्शियल नसतं. मातीत, वाळूत टायर घसरून फरक सुटतो. डांबरावर तो सुटत नाही, शाफ्टना पीळ बसत जातो. यावर उपाय एकच, टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) या. ही तक्रार घेऊन आलेल्या निदान तीन-चार गाड्या मी काहीही न उघडता परत पाठवल्या आहेत.

पाना हातात न घेता

चारही टायर एकाच मापाचे, सारख्याच झिजेचे आहेत का आणि हवा सारखी आहे का, हे थंड टायरवर बघा. फुकटचं काम आहे आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. मग तळहात टायरच्या नक्षीवरून आधी पुढून मागे आणि मग मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर तो टायर रस्त्यावर गुणगुणणारच. चिखलाचे जाडे टायर तर नवे असतानाही गातात.

रस्त्याचा पोत बदलला की टायरचा आवाज बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर गेलात आणि सूर पालटला, तर टायर. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते दोन्हीकडे सारखंच रडतं. तरी शंका उरली तर पुढचे टायर मागे, मागचे पुढे करा. तासाभराचं काम आहे. मी ते केलं असतं तर चार बेअरिंगं वाचली असती.

आता रिकामा, सरळ रस्ता बघून गाडी ४०-५० च्या वेगात आणा आणि स्टिअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे करा, झुलवल्यासारखं. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर बहुतेक वेळा दोष उजव्या बाजूला असतो. "बहुतेक वेळा" मुद्दाम म्हणतोय, कारण प्रत्येक हबमध्ये आतलं आणि बाहेरचं अशी दोन बेअरिंगं असतात आणि कोणतं खराब झालंय त्यावर हा अंदाज उलटूही शकतो. म्हणून यावर विसंबून सामान मागवू नका, फक्त टिपून ठेवा.

याच फेरीत ब्रेकवर अलगद पाय ठेवून बघा. आवाज थांबला किंवा सूर बदलला तर आधी ब्रेककडे जायचं. पत्र्याचं कवच बोटाने थोडं वाकवून गाडी शांत झाल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

२० किलोमीटर चालवून आल्यावर ब्रेक शक्यतो कमी वापरत थांबा आणि दोन्ही पुढच्या हबजवळ हात न्या. लगेच पकडू नका, चटका बसेल. दोन्ही सारखीच कोमट असतील तर ठीक. एक स्पष्ट जास्त गरम असेल तर त्या बाजूचं बेअरिंग आवळलंय किंवा ब्रेक पकडून राहतोय. मागाहून चाक उचलाल तेव्हा ते हाताने मोकळं फिरतं का, यावरून दोन्हींतलं कोणतं ते कळेल.

हब लॉकची गंमत

या गाड्या बनवणाऱ्यांनी आपल्याला निदानाचं एक यंत्रच फुकट देऊन ठेवलंय, आणि कोणी ते वापरत नाही. चाकाच्या मधोमध असलेली ती फिरवायची चकती.

हब फ्री असतात तेव्हा चाक फक्त स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं. ॲक्सल शाफ्ट, क्राउन-पिनियन, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, सगळं स्थिर. हब लॉक केले पण ट्रान्स्फर केस टू-एचमध्येच ठेवली, तर चाकं हे सगळे भाग उलटीकडून फिरवतात, पण त्यांच्यावर भार नसतो. आणि लॉक करून फोर-एच टाकलं की तेच भाग भाराखाली फिरतात.

म्हणून एकाच रस्त्यावर, एकाच वेगात तीन फेऱ्या मारा.

पहिली, हब फ्री, टू-एच. आवाज आहे? मग टायर, चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक. डिफरन्शियलचं नाव काढायचं नाही, ते फिरतच नाहीये.

दुसरी, दोन्ही हब लॉक, टू-एच. पहिल्या फेरीत नव्हता आणि आता आला, तर ॲक्सल शाफ्ट, त्यांचे क्रॉस, डिफरन्शियल किंवा पुढचा प्रोपेलर शाफ्ट. इथे एक छोटी जागा लोक विसरतात. हबच्या पोटात जी पोकळ नळी असते, स्पिंडल, तिच्या आत शाफ्टला आधार द्यायला बुश किंवा निडल बेअरिंग असतं. हब फ्री असताना शाफ्टही स्थिर आणि स्पिंडलही, त्यामुळे ते बुश गप्प. लॉक केलं की शाफ्ट त्याच्यात फिरायला लागतो, आणि बुश कोरडं असेल तर बारीक चिवचिव सुरू होते. यासाठी डिफरन्शियल खोललेले लोक मला माहीत आहेत.

तिसरी, हब लॉक, फोर-एच, पण फक्त मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर. नवा आवाज फक्त इथेच आला तर भाराखाली बोलणारे भाग बघायचे: क्रॉस, सीव्ही, क्राउन-पिनियन. एक ध्यानात ठेवा, बऱ्याच जुन्या गाड्यांत पुढच्या क्राउनचे दाते पुढे जाताना त्यांच्या पाठीच्या बाजूने भार घेतात. म्हणून फोर-एचमध्ये थोडा सूर येणं स्वाभाविक आहे. त्या आवाजात काल-परवा फरक पडला असेल तरच काळजी.

दोन्ही हब एकाच स्थितीत आहेत ना, हे प्रत्येक वेळी गाडीभोवती फिरून बघा. एक लॉक, एक फ्री राहिलं की डिफरन्शियलमधली छोटी चक्रं विनाकारण गरगरत राहतात. चिखलातून घाईत परतताना हे हमखास होतं.

हब लॉक नसलेल्या फुल-टाइम गाडीत याचा काही भाग पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून आणि मधलं डिफरन्शियल लॉक करून करता येतो; चाकं ॲक्सल शाफ्ट आणि पुढचं डिफरन्शियल तेव्हाही फिरवतात, पण भाराविना, आणि प्रोपेलर शाफ्ट बाजूला पडतो. ते लॉक केलं नाही तर गाडी जागची हलणार नाही. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि स्लिप जॉइंटवर खडूने नव्हे, पंचने किंवा रंगाने खुणा करा. का ते पुढे येतंच.

गाडीखाली पाठ टेकून

सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. गाडी अजून उचलायची नाही.

पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी धरा, पिळा, मग वर-खाली हलवा. क्रॉसमध्ये जाणवण्याइतका प्ले नसायला हवा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस, कुंकवासारखी पूड दिसली तर आत ग्रीस संपून सुया (बारीक रोलर) गंजल्यात, हातात प्ले लागो न लागो. हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं कारण. पुढचा शाफ्ट महिनोन्महिने फिरतच नाही, त्याला ग्रीस करायचं कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि मग एक दिवस फोर-एच टाकलं की तो किंचाळतो. निप्पल असेल तर चारही टोप्यांमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा. एका टोपीतून येत नसेल तर तिथे रस्ता बंद आहे. तो क्रॉस बदलायचा.

स्लिप जॉइंटलाही ग्रीस द्या. सुटतानाचा "टण्ण" पुष्कळदा एवढ्यानेच जातो. ॲक्सल वर-खाली होतो तसा शाफ्ट लांब-आखूड व्हावा लागतो. खाचा कोरड्या असतील तर तो आधी अडकतो आणि मग झटक्याने सरकतो. त्या झटक्याचा आवाज म्हणजे तो टण्ण.

शाफ्ट अलीकडे कोणी काढून परत बसवला असेल तर दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे फाटे) बघा. साधारण गाड्यांत ते एका रेषेत असतात. स्लिप जॉइंट एखाद-दोन दात चुकून बसवला की ही रेष मोडते आणि ठराविक वेगात भुणभुण व थरथर सुरू होते. काही गाड्यांत मात्र पुढच्या शाफ्टचे काटे मुद्दामच वेगळ्या कोनात असतात. म्हणून मघाच्या खुणा. खूण नसेल तर गाडीचं मॅन्युअल काढा, अंदाजाने फिरवू नका.

मग पाटे. यू-बोल्टचे नट पान्याने तपासा. ढिला यू-बोल्ट म्हणजे ॲक्सल पाट्यावर पुढे-मागे सरकतोय. ब्रेक मारताना एक टक्, सुटताना एक टक्. पाट्यांमधला सेंटर बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल एका बाजूला मागे गेलेला दिसेल. टेपने दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत मोजा, फरक लपत नाही. शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, शॉकच्या खालच्या-वरच्या पिना, हे पहार अडकवून हलवलं की दिसतं.

शेवटी कोणाला तरी आत बसवून इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवी करायला सांगा. तुम्ही खाली एकेका जोडावर बोट ठेवा: टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅसीला बोल्ट केलाय ती जागा. जिथे एक भाग हलला आणि जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलला, तिथे प्ले. डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतो.

ऑइल काय सांगतं

डिफरन्शियलचा खालचा प्लग कधीही आधी उघडू नका. आधी वरचा, भरायचा उघडा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून दिलं असेल, तर गाडी तिथेच अडकली.

ऑइल भोकाच्या कडेपर्यंत असावं. बोट वाकवून आत घाला, थोडं बाहेर काढा, अंगठ्यावर चोळा. काळसर पण गुळगुळीत असेल तर जुनं झालंय, बदला. दुधी रंगाचं असेल तर पाणी गेलंय. ते जातं कसं? ओढा ओलांडताना तापलेला ॲक्सल एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून ऑइल बदलताना ब्रीदर साफ केला नाही तर पुढच्या ओढ्याला तेच. ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या नळीवरचं बोटभर टोपण किंवा तिथून वर गेलेला पाइप. फुंकून बघा, हवा जायला हवी.

प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा लेप बघा. शाईसारखा मऊ करडा गाळ चालतो, झीज असतेच. नखाने टोचणारे कण, चकत्या, दात्याचा तुकडा मिळाला तर तिथेच थांबा. गाडी चालवू नका.

बहुतेक जुन्या पुढच्या डिफरन्शियलमध्ये ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल चालतं, तरी मॅन्युअलचं म्हणणं आधी. गिअरबॉक्सला जीएल-४ लागत असेल तर उरलेलं जीएल-५ तिथे ओतू नका, सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या रिंगांच्या) पितळेला ते चालेलच असं नाही.

चाकाजवळ बंद गोळ्याचा नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हबला धरणारा भाग) असलेल्या गाड्यांत आणखी एक बघायचं. नकलच्या प्लगमधून दाट ग्रीसऐवजी पातळ, आमटीसारखं काही आलं तर आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. म्हणजे एकीकडे जॉइंटचं वंगण धुतलं जातंय आणि दुसरीकडे डिफरन्शियल उपाशी.

चाक उचलून

दोन्ही पुढची चाकं एकदम उचला आणि ॲक्सलच्या नळीखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. आणि पुढची चाकं हवेत, मागची जमिनीवर, अशा स्थितीत इंजिन चालू करून गिअर टाकू नका. ट्रान्स्फर केस टू-एचमध्ये असो की फोर-एचमध्ये, मागची चाकं जमिनीवर जोर लावतात आणि गाडी स्टँडवरून उडी मारते.

हब फ्री करा. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. प्ले लागला तर दोन शक्यता, चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन अथवा बॉल जॉइंट. आता आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब आणि नकल एकमेकांना धरले जातात. प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. या एका चाचणीने मी कितीतरी किंगपिन वाचवलेत. ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि फक्त तेव्हाच प्ले लागला, तर टाय रॉड एंड.

आता एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा तळहात पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवा, चाकापासून जरा लांब. चांगलं बेअरिंग हाताला लागतच नाही. खराब असेल तर वाळू दळल्यासारखी बारीक थरथर येते, कानाला काही ऐकू येत नसतानाही. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक नकलवर आणि मूठ कानामागच्या हाडावर, हेही चालतं.

मग हब लॉक करा, स्टिअरिंग एका टोकाला वळवा आणि चाक हळू फिरवत नकलमधला क्रॉस बघा. टोपीला धरून ठेवणारी सर्क्लिप जागेवर आहे का? ती निसटली की टोपी फेरीगणिक बाहेर सरकते आणि नकलच्या आतल्या भिंतीवर आपटते, टक्, टक्. पूर्ण वळवलेल्या स्थितीत थोडा झटका मात्र साध्या क्रॉसच्या रचनेतच असतो. ३० अंशांच्या कोनात एका फेरीत दोनदा बाहेरच्या शाफ्टचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. म्हणून फोर-एचमध्ये वळताना स्टिअरिंगला लयबद्ध हिसका जाणवतो. सीव्ही असलेल्या गाडीत तो नसतो. तिथे कट-कट आली म्हणजे जॉइंट झिजलाच.

गाडी वर आहेच तर जुनी, हातोहात फिरलेली असल्यास एक गंमत करून बघा. एक चाक पक्कं धरायला सांगा आणि दुसरं नेमक्या दोन फेऱ्या फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा, तेच तुमचं क्राउन-पिनियनचं गुणोत्तर. मागच्या ॲक्सलवर हेच केलं आणि आकडा वेगळा आला, तर कोणीतरी कधीतरी भलताच ॲक्सल टाकलाय. अशी गाडी मातीतसुद्धा फोर-एचमध्ये कण्हत राहते. हे एकदाच पाहिलंय, पण मालकाने त्याआधी ट्रान्स्फर केस दोनदा बांधून घेतली होती.

हब उघडल्यावर

इथपर्यंतच्या चाचण्यांनी बेअरिंगकडेच बोट दाखवलं तर आता उघडा. मोठ्या नटला त्याच्या मापाचा पाना आणा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवलेले मी इतके पाहिलेत की नटवरचे ओरखडे बघून आधीच्या माणसाची घाई कळते. तसे ओरखडे दिसले तर बेअरिंग योग्य आवळलेलंच नव्हतं असं धरून चाला.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, पण हवेच्या झोताने गरगर फिरवू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगात फुटू शकतं. रोलर आणि बाहेरची रिंग उन्हात धरून बघा. खड्डे, निळसर छटा किंवा रिंगवर समान अंतरावर उमटलेल्या रेघा दिसल्या तर बदला, आणि रोलर व रिंग दोन्ही एकत्रच बदला. नुसते रोलर बदलून जुनी रिंग ठेवली तर ती नव्या रोलरना महिन्याभरात स्वतःसारखं करते.

ग्रीस भरायला तळहातावर गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत-ओढत राहा, रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीसचे छोटे कोंब बाहेर येईपर्यंत. वरून फासलेलं ग्रीस आत पोचत नाही. सील नवं घाला. आतला नट चाक फिरवत नीट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतील, मग सैल करा आणि पुन्हा मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच आवळा. नंतर वॉशर आणि लॉक नट. लॉक नट आवळल्यावर प्ले परत तपासा, कारण तो आतला नट थोडा दाबतो. १००-२०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा १२-६ ची चाचणी.

इथे हात थांबवा

चाक उघड डुगडुगतंय, हब इतकं तापतंय की जळका वास येतो, किंवा एका वेगाला पोचल्यावर स्टिअरिंग हातातून निसटेल इतकं थडथडतं: गाडी तिथेच उभी करा आणि दुसऱ्या वाहनावर चढवून न्या. यात चाक निखळू शकतं. हळू चालवत घरी आणायचा विचार करू नका.

ऑइलमध्ये धातूचे तुकडे मिळाले, किंवा हब लॉक असतानाच येणारा आणि ॲक्सिलरेटरबरोबर सूर बदलणारा आवाज असेल, तर काम क्राउन-पिनियनचं आहे. तिथे दात्यांमधलं अंतर डायल गेजने मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायचं असतं, पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) बदलायच्या असतात आणि दात्यांना रंग लावून ते कुठे टेकतात ते बघायचं असतं. मी स्वतः हे करत नाही. एकदा केलं होतं, आणि आधीपेक्षा मोठी शिट्टी घेऊन गाडी बाहेर पडली.

किंगपिनचा ताण मोजायला स्प्रिंग काटा लागतो, बॉल जॉइंट बसवायला प्रेस. दोन्ही नसतील तर मेकॅनिककडे. स्टिअरिंग बॉक्सजवळ चॅसीला तडा दिसला तर वेल्डिंगचा जाणकार बघा, साधं पत्र्याचं काम करणारा नको.

मेकॅनिककडे जाताना "पुढून आवाज येतो" एवढंच सांगितलंत तर तोही "बेअरिंग गेलं" म्हणेल आणि हब उघडेल. त्यापेक्षा तुमच्या तीन फेऱ्यांचा कागद हातात द्या. माझ्या शेवटच्या कागदावर एवढंच होतं: "हब फ्री, आवाज नाही. हब लॉक टू-एच, ३० च्या खाली चिवचिव, ऊन तापलं की जास्त. फोर-एच, तेवढाच. प्रोपेलरचे क्रॉस घट्ट, ग्रीस दिलंय, फरक नाही. उजव्या नकलवर स्क्रू ड्रायव्हर लावल्यावर स्पष्ट." त्याने कागद वाचला, डिफरन्शियलकडे बघितलंही नाही, आणि उजव्या स्पिंडलचं बुश काढून माझ्या हातावर ठेवलं. सुकलेल्या ग्रीसची नुसती पूड होती आत.